मदत हवी आहे : नोकरी सांभाळून सायबर सिक्युरिटीत मास्टर्स की दोन वर्षं पूर्णवेळ?

नमस्कार मंडळी. मी पुण्यात सहा वर्षं सिस्टिम अ‍ॅडमिन आहे, शिक्षण बीई आयटी. गेल्या वर्षी एका शनिवारी पहाटे फोन आला, सर्व्हर उघडत नाही म्हणून. जाऊन पाहतो तर शेअर्ड फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलचं एक्स्टेन्शन बदललेलं आणि शेजारी पैसे मागणारी एक टेक्स्ट फाइल. बॅकअप त्याच डोमेनला, म्हणजे ऑफिसच्या त्याच नेटवर्कला जोडलेला, त्यामुळे तोही गेला. असा हल्ला झाला की सर्ट-इनला (सायबर हल्ल्यांची दखल घेणारी केंद्र सरकारची संस्था) सहा तासांत कळवावं लागतं, हे २०२२ पासून बंधनकारक आहे. आमच्यापैकी कुणालाच ते माहीत नव्हतं. तेव्हापासून मनाने घेतलंय, हा विषय नीट शिकायचा.

गिरीनगरच्या डीआयएटीचं (संरक्षण खात्याच्या अभिमत विद्यापीठाचं) एमटेक घराजवळ आहे, पण गेट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागेल आणि नोकरी सोडावी लागेल. आयआयटी कानपूरचं ई-मास्टर्स ऑनलाइन आहे, गेटही लागत नाही. मात्र फी बघून छातीत धस्स होतं. घराचा हप्ता चालू आहे, मुलगी दोन वर्षांची.

नोकरी करत ऑनलाइन मास्टर्स केलेलं कुणी आहे का इथे? लॅबमध्ये लॉग, मेमरी डंप (मशीनच्या मेमरीची उतरवून घेतलेली प्रत), मालवेअर प्रत्यक्ष हाताळायला मिळतात की नुसती व्याख्यानंच? ऑडिटच्या कामात मला रस नाही, इन्सिडेंट रिस्पॉन्समध्येच (हल्ला झाल्यावर तो शोधून आवरण्याच्या कामात) जायचंय. मुलाखतीत तिथे पदवी बघतात की ओएससीपीसारखं (हॅकिंगच्या प्रात्यक्षिक परीक्षेचं) प्रमाणपत्र? आणि सहा वर्षांनी गणिताला पुन्हा हात घालून गेट काढलेलं कुणी असेल, तर सुरुवात कुठून केलीत तेवढं नक्की सांगा.