विश्वामित्रीतल्या मगरी हलवून प्रश्न सुटेल असं खरंच वाटतं का?

काळाघोडा_वाट
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवसांपासून एक अर्ज फिरतोय, सह्या गोळा करतायत, मागणी अशी की आपल्या बडोद्यातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीतल्या झाडून सगळ्या मगरी पकडा आणि कुठेतरी लांब धरणात सोडा. मी सही केली नाही, त्यावरून सकाळी पार्किंगमध्ये बरंच ऐकून घेतलं. ग्रुपवर एवढं लांब कोणी वाचत नाही म्हणून इथे लिहितोय.

भीती मला कळते. २०२४ च्या ऑगस्टचा पूर आम्हीही काढलाय, लाइट नाही, प्यायचं पाणी नाही, आणि पाणी उतरताना फॉरेस्टवाल्यांनी आणि रेस्क्यूच्या पोरांनी तीन दिवसांत वस्तीतून दोन डझन मगरी उचलल्या. पण त्या शिकारीला आल्या नव्हत्या हो, पाणी घरात शिरलं त्याबरोबर त्याही शिरल्या.

मला विचारायचंय ते वेगळंच. मगरी इतक्या का आहेत? फेब्रुवारी २०२५ च्या मोजणीत शहराच्या पट्ट्यात चारशेच्या वर निघाल्या. मी रोज सकाळी कमाटीबागेच्या बाजूने जातो आणि पुलावर स्कूटर थांबवून लोक पिशव्या फेकताना बघतो, कोंबडीच्या दुकानाची घाण, लग्नातलं उरलेलं, कधी मेलेलं वासरू सुद्धा. त्यावर मासे आणि कासवं पोसली जातात, काठावर उंदीर, कुत्री, डुकरं जमतात, आणि या सगळ्यांवर मगर जगते. म्हणजे मगरींचा आकडा आपण वरून टाकतो त्या पिशव्यांनी ठरतो. चारशे उचलल्या तरी ताट वाढलेलंच आहे ना, मग वरच्या आजवा तलावाकडून येतील, खालच्या ढाढर नदीकडून वर चढतील. शिवाय मोठा नर आपल्या हद्दीत लहान मगरींना टिकू देत नाही, सापडलं तर खातो सुद्धा, तोच काढलात तर जी पिल्लं मेली असती ती जगतील. पाच वर्षांनी पुन्हा अर्ज, पुन्हा सह्या.

अकोटा_तळमजला
दादा, तुम्ही कितव्या मजल्यावर राहता? आम्ही तळमजल्यावर. त्या पुरात रात्री अडीचला मागच्या मोरीत, कपडे धुतो तिथे, सात फुटी मगर येऊन बसली होती आणि आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गुडघाभर पाण्यात, दाराच्या अलीकडे. दोन तास फोन लागत नव्हता कुणालाच. कुणाची चूक नव्हती, सगळं शहरच बुडालं होतं. पण आई आजही मागच्या दाराची कडी काढत नाही, दुपारी सुद्धा नाही. तिला मी अन्नसाखळी समजावून सांगू का?

आणि कसला समतोल? जंगलात वाघ-हरीण-गवत हे ठीक आहे. इथे ड्रेनेजचं पाणी, जलपर्णी, प्लास्टिक. या नदीत असं काय आहे जे मगर गेली तर कोसळेल? हलवता येत नाहीत असंही नाही, केवडियाला २०१९ मध्ये सी-प्लेनसाठी तलावातल्या मगरी हलवल्याच होत्या. विमानासाठी होतं मग माणसासाठी का नको?

जुना_बायो_मास्तर
मी बत्तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे थोडं बोलतो, दोघांनाही आवडणार नाही कदाचित.

"शिकारी काढला की सगळं कोसळतं" हे वाक्य लोक सगळीकडे चिकटवतात. ते आलं कुठून तर रॉबर्ट पेन नावाच्या माणसाने १९६३ पासून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एका खडकाच्या पट्ट्यातले स्टारफिश उचलून समुद्रात लांब फेकायला सुरुवात केली, बाजूचा पट्टा तसाच ठेवला. स्टारफिश शिंपले खातो. तो गेल्यावर शिंपल्यांनी जागा बळकावली आणि पंधरा जातींपैकी आठच उरल्या. त्यावरून त्याने अशा प्राण्याला कमानीतल्या मधल्या दगडाचं नाव दिलं, तो काढला की कमान बसते. पण प्रत्येक शिकारी असा मधला दगड नसतो, हे लक्षात ठेवायला हवं. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचे लांडगे बघा, १९९५-९६ मध्ये एकतीस आणून सोडले, एल्क नावाची मोठी हरणं कमी झाली, काही ठिकाणी विलोची झाडं वर आली, आणि जगभर गोष्ट झाली की लांडग्यांनी नदी बदलली. तिथेच अनेक वर्षं मोजमाप करणारे म्हणतात की ते सुधारणं अर्धवटच झालंय, सत्तर वर्षं लांडगे नव्हते तेव्हा ओढ्यांवर बांध घालणारे बीव्हरही गेले, ओढे खोल कापले गेले, पाण्याची पातळी खाली गेली, आता नुसते लांडगे आणून ते मागे फिरत नाही. एल्क कमी व्हायला अस्वलं, प्यूमा, माणसाची शिकार, दुष्काळ हेही होतं. म्हणजे काढणं सोपं, परत जोडणं फार अवघड.

मगरीबद्दल विचाराल तर तिचं शरीर थंड रक्ताचं, तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या मानाने ती फार कमी खाते. त्या चारशे असल्या म्हणून नदीतले मासे संपत नाहीत. उलट ती स्वतःच आयुष्याची पहिली दोन-तीन वर्षं दुसऱ्यांचं जेवण असते. मादी काठाच्या मातीत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते, फेब्रुवारी ते एप्रिल, पिल्लं मे-जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर. अंडी घोरपड आणि मुंगूस खातात, पिल्लांना बगळे, ढोकरी, मोठे मासे, कुत्री आणि मोठ्या मगरीच. हातभर पिल्लू स्वतः किडे, बेडूक, खेकडे खात असतं. एकच प्राणी वाढता वाढता चार वेगवेगळ्या पायऱ्यांवर उभा राहतो, हे मला आजही थक्क करतं, मुलांना सांगताना दर वर्षी अंगावर काटा यायचा.

आणि नातं फक्त खाण्याचंच असतं असं नाही. फ्लोरिडात बगळे मुद्दाम अ‍ॅलिगेटर, म्हणजे तिथल्या मगरी, असतात त्या पाण्यावरच्या झाडांत घरटी करतात, कारण खाली तो असला की अंडी चोरणारे रॅकून झाडाकडे पोहत येत नाहीत. घरट्यातून पडलेली पिल्लं तो खातो. बगळ्याला हा सौदा परवडतो.

अकोटा_तळमजला
सर, नमस्कार, तुमचा मुद्दा वाचला नीट. म्हणजे विश्वामित्रीत मगर मधला दगड आहे असं तुम्ही छातीठोक म्हणत नाही. मग मी एवढंच म्हणतोय की इथे माणसाचा जीव वर ठेवा.

काळाघोडा_वाट
मधला दगड नसेल, पण सफाई करते ना. गिधाडांचं काय झालं ते आपल्या डोळ्यांसमोरचं आहे. नव्वदच्या दशकात गुरांना डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध द्यायला लागले, मेलेली गुरं खाऊन गिधाडांच्या किडन्या गेल्या, पांढऱ्या पाठीची गिधाडं पंधरा वर्षांत हजारात एक उरली. २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद केलं तोपर्यंत उशीर झालेला. मढी उघड्यावर सडली, कुत्री वाढली, पाणी बिघडलं, आणि २०२४ मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला की २००० ते २००५ या पाच वर्षांत त्यामुळे सुमारे पाच लाख जादा माणसं गेली. गिधाड तेव्हा कुणाच्या खिजगणतीत होतं का?

आणि हलवण्याचं म्हणाल तर जुन्नर वाचा. २००१ नंतर तिथे उसातले बिबटे पकडून लांब जंगलात सोडले. त्याआधी वर्षाला सरासरी चार हल्ले व्हायचे, सोडायला लागल्यावर सतरापर्यंत गेले, आणि जिथे सोडले तिथेही हल्ले सुरू झाले. जनावराची जागा सुटली, ओळखीची वाट सुटली, की ते बावरतं. मगर तर परतही येते, ऑस्ट्रेलियात एका मगरीला हेलिकॉप्टरने नेऊन द्वीपकल्पाच्या पलीकडच्या किनाऱ्यावर सोडलं, ती सगळा वळसा घालून चारशे किलोमीटर पोहून वीस दिवसांत घरी.

अकोटा_तळमजला
ती खाऱ्या पाण्याची मोठी मगर, आपली गोड्या पाण्यातली, समुद्रातून पोहत कुठे येणार आहे? बिबट्याचं उदाहरणही तसंच, बिबट्या एका रात्रीत डोंगर ओलांडतो. आणि गिधाड माणसाचा पाय धरत नाही हो. सफाईच हवी असेल तर पिशव्या बंद करा, सफाईला मगर कशाला लागते? तुम्हीच म्हणालात की ताट आपण वाढतो.

आणंद_अपडाऊन
मध्ये पडतो, माफ करा. मी रोज बडोदा-आणंद करतो, कामानिमित्त चरोतरच्या, म्हणजे आणंदच्या आसपासच्या, गावांत जातो. मलातजला तलावात मगरी आहेत, काठावर खोडियार मातेचं मंदिर आहे, मातेचं वाहनच मगर. त्याच तलावावर म्हशी उतरतात, माणसं वावरतात, मगर उन्हात पडलेली असते. देवा गावातही तसंच. लोकांना कुठली मगर कुठे बसते ते माहीत असतं, अंड्यांच्या दिवसांत त्या काठाला कुणी जात नाही. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हात थरथरत होते, चहाच्या लारीवाल्याने शांतपणे सांगितलं, आज ती तिकडच्या कोपऱ्यात आहे, तुम्ही इकडे बसा.

अकोटा_तळमजला
तलाव घरात शिरत नाही दादा. मलातजचा माणूस मगरीकडे जातो की नाही ते स्वतः ठरवतो. माझ्या आईला कुणी विचारलं नव्हतं.

वडसरपुढची_शेती
सगळं वाचलं. आमची शेती शहराच्या खाली, नदीकाठाला, सासऱ्यांच्या वेळेपासून. तुम्ही सगळे सह्यांवरून भांडताय त्यात एक शब्द खटकला, "लांब". लांब म्हणजे कुणाच्या दारात? धरणाच्या कडेला पण गावं असतात. तिथल्या बाया पण कपडे धुवायला पाण्यात वाकतात, तिथली पोरं पण गुरं पाजायला नेतात. मगरीने माणूस ओढल्याची बातमी येते ती बहुतेक वेळा अशाच कुणाची असते, काठावर वाकलेल्या माणसाची, बंगल्यातल्या माणसाची नाही. शहराला पुरात त्या दिसतात, आम्हाला बारा महिने दिसतात.

माझी एक म्हैस लंगडते, पाय धरला होता, सुटली. तरीही मी हलवा म्हणणार नाही, कारण पहिल्या दादांनी म्हटलं ते मी बघितलंय. आमच्या वळणावर एक मोठी होती, पाठीवर खूण असलेली, सगळ्यांना तिची जागा ठाऊक. ती कुणीतरी पकडून नेली. पुढच्या उन्हाळ्यात तिथे तीन मध्यम आकाराच्या आल्या, त्यांची जागा ठरलेली नाही, कधी इथे कधी तिथे, म्हशीला त्यातलीच एक लागली.

पण मगर वाचवा म्हणणाऱ्यांनी पण आमच्यासाठी काही केलेलं नाही. श्रीलंकेत नदीच्या घाटाला पाण्यात लाकडाचं कुंपण घालतात, आत अंघोळ, धुणं, मगर बाहेर. आमच्याकडे तेवढं एक कुंपण आणि एक हातपंप झाला असता तर मीही तुमच्या बाजूने चार ओळी जास्त लिहिल्या असत्या.

जुना_बायो_मास्तर
ताई, तुमची तीन मगरींची गोष्ट मला पुस्तकातल्या कुठल्याही उदाहरणापेक्षा मोलाची वाटते. एका जागेवरून हे सिद्ध होत नाही, तीन का आल्या याची दुसरी कारणंही असतील, पण रिकामी जागा भरते हे खरं.

एक भर घालतो. कायद्याने मगर १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, सरसकट उचलता येणारच नाही, त्यामुळे सोसायटीचा अर्ज त्या मागणीपुरता वाया जाईल. पण काठ आपल्या हातात आहे. मगर मातीच्या काठात लांब बीळ खणते, उन्हाळ्यात आणि थंडीत त्यातच राहते. पिल्लू नर की मादी हेसुद्धा त्या मातीच्या तापमानावर ठरतं, साधारण साडेबत्तीस अंशांच्या आसपास नर जास्त, त्याच्या वर-खाली माद्या. काठ सिमेंटने बांधला किंवा मशीनने उभा तासला की बीळही गेलं, घरटंही गेलं, आणि बिळातून हुसकलेली मगर जाणार कुठे तर रस्त्यावर. अर्ज द्यायचाच तर असा द्या की फेब्रुवारी ते जून काठावर खोदकाम नको.

अकोटा_तळमजला
सर, मी सही मागे घेणार नाही. आठ-नऊ फुटांच्या वरची, वस्तीला लागून बसणारी प्रत्येक मगर तिथून काढायलाच हवी, यावर मी ठाम आहे. पण वडसरच्या ताईंचं "लांब" मनाला लागलं, ते मी विचारातच घेतलं नव्हतं. अर्जात लांबच्या धरणाचं वाक्य आहे ते काढायला सांगतो. पुलावर दोन्ही बाजूंना जाळी आणि पिशवी टाकणाऱ्याला दंड, हे घालतो. काळाघोडावाले, हे घातलं तर तुम्ही सही करणार का?

काळाघोडा_वाट
जाळी, दंड आणि खोदकामाचे महिने या तीन गोष्टींवर करतो. मोठ्या मगरी काढायच्या ओळीवर नाही करणार, ताईंच्या वळणावर काय झालं ते तुम्हीही वाचलंत. ती ओळ वेगळ्या कागदावर घ्या, त्यावर तुम्ही सह्या घ्या, माझी हरकत नाही.

वडसरपुढची_शेती
आणि कुंपण? ते कुठल्या कागदावर?

अकोटा_तळमजला
पहिल्या कागदावर, सगळ्यात वर. ताई, घाट नक्की कुठे आहे आणि पाणी किती खोल आहे ते कळवा, रविवारी येतो बघायला, टेप घेऊन.