कादंबरीतलं गुपित वाचकाला कधी सांगावं?

महालची_लेक:
कौटुंबिक सस्पेन्स कादंबरी लिहून राहिली आहे. नागपूरच्या महाल भागातलं एकत्र कुटुंब, दहावीतली मुलगी स्वतःला इजा करून घेते, कारण काका. आजीला काकाचं माहीत आहे पण ती बोलत नाही. हे सगळं मी शेवटच्या प्रकरणात उघड केलंय, पण मैत्रिणीने वाचलं तर म्हणे पोरगी खरी वाटतच नाही, नुसतं कोडं वाटते. आधी सांगितलं तर सस्पेन्स जाईल नं?

बर्डीवाला:
नाही जात. मुलीचं सुरुवातीलाच सांगून टाका. वाचकाला माहीत अन् घरच्यांना नाही, मग आई नुसतं "बाह्या वर कर अन् कणीक मळ" म्हणाली तरी धस्स होते. आजीचं राखून ठेवा, कोणाला माहीत होतं अन् ते गप्प का बसले यासाठी माणूस पानं उलटत जातो. अजून एक, आपल्याकडे मे महिन्यात बाहेर सगळ्याच पोरी सनकोट-स्कार्फमध्ये असतात म्हणून रस्त्यावर कोणाला काही खटकणार नाही, पण घरी येऊनही ती तो काढत नाही हे धाकट्या भावाच्या लक्षात येऊ द्या.

वकील_ताई:
काकाचं प्रकरण लैंगिक असेल तर पॉक्सो कायदा, २०१२ (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा) बघाच. मुलगी १८ च्या आतली, म्हणजे कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक, नाही कळवलं तर कलम २१ खाली शिक्षा आहे. म्हणजे शाळेतल्या समुपदेशक बाई तिला "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊच शकत नाहीत. हा सीन तुमच्याकडे नसेल तर लिहा, पोरगी तोंड उघडते अन् त्याच क्षणी गोष्ट तिच्या हातून जाते, याच्यापेक्षा मोठं वळण मला तरी सुचत नाही.

रात्रीची_वाचक:
कळकळीने सांगते, इजा कशी केली याचं वर्णन नका करू, वाचणारी त्याच वयाची अन् त्याच अवस्थेतली असू शकते. अन् अशी प्रत्येक पोर मरायलाच निघालेली नसते, कित्येकदा आतलं सहन होत नाही म्हणून हे होते, तेवढं तिच्या मनातून येऊ द्या. पुस्तकात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर छापा, मोफत आहे, मराठीत बोलता येते. मुलांसाठी १०९८ पण द्या.

महालची_लेक:
नंबर नक्की टाकते. समुपदेशक बाई माझ्याकडे नव्हत्याच, आज रात्रीच त्यांच्यापासून सुरू करते. आजीच्या तोंडून एक प्रकरण लिहू का?

वकील_ताई:
लिहा, पण पोरीचं सगळं बोलून झाल्यावर.