एल्टन जॉनचा पियानो: अकादमीचा की पबचा?

काळी_पाच:
एल्टन जॉन या ब्रिटिश गायक-पियानोवादकाचं नाव निघालं की लोक त्याला जेरी ली लुईस आणि लिटल रिचर्ड या अमेरिकन रॉक अँड रोलवाल्या पियानोवादकांच्या पंगतीत बसवून मोकळे होतात. मला हे अर्धवट वाटतं. अकराव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून हा मुलगा लंडनच्या रॉयल अकादमी ऑफ म्युझिकमध्ये दर शनिवारी शिकायला जायचा. 'युअर साँग' (1970) नीट ऐका. पहिल्या कडव्यात, पैसे फारसे नाहीत असं तो म्हणतो तिथे, वरची मायनर कॉर्ड (एकत्र वाजणारा, जरा उदास वाटणारा स्वरांचा गट) जवळपास जागेवरच असते आणि डाव्या हाताचा खर्ज एकेक पायरी उतरतो. आपल्या भाषेत ध, प, तीव्र म, शुद्ध म. हे बाखचे, म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातल्या थोर रचनाकाराचे, संस्कार आहेत, रॉक अँड रोलचे नव्हेत.

रेकॉर्डवेडा:
काहीच्या काही! अकादमीला दांडी मारून तो भुयारी रेल्वेतून भटकायचा, हे त्यानेच सांगितलंय. हात तयार झाला तो पबमध्ये. पंधराव्या वर्षापासून शनिवार-रविवार नॉर्थवुड हिल्स हॉटेलात वाजवायचा. पुढे ब्लूजॉलॉजी बँडमधून ब्रिटनच्या दौऱ्यावर आलेल्या पॅटी लाबेलसारख्या अमेरिकन सोल गायकांना साथ केली. साथीला बसलं की गायकाच्या श्वासाकडे लक्ष ठेवावं लागतं राव, ते वर्गात कोण शिकवतं?
आणि अमेरिकन गायक-पियानोवादक लिओन रसेल? ऑगस्ट 1970मध्ये लॉस एंजेलिसच्या ट्रूबाडूर क्लबात एल्टन उभा राहिला तो गिटारवादकाशिवाय, फक्त बास आणि ड्रम्स घेऊन. त्यातल्या एका कार्यक्रमाला खुद्द रसेल समोर बसलेला. रसेल तर एल्टनचा देवच. चाळीस वर्षांनी, 2010मध्ये, त्याच्यासोबत आख्खा अल्बम केला. बाखसाठी काय केलं?

त्रिताल:
तुम्ही दोघंही पियानोवादक विनिफ्रेड अ‍ॅटवेलला विसरलात. त्रिनिदादहून लंडनला आलेली ही बाई 1954मध्ये ब्रिटनच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर पोचली. तिथवर जाणारी पहिली कृष्णवर्णीय कलाकार. स्टेजवर दोन पियानो. आधी मोठ्या ग्रँड पियानोवर शास्त्रीय काहीतरी, मग जुनाट, जरा बेसूर 'दुसऱ्या' पियानोवर रॅगटाइमची, म्हणजे जुन्या उडत्या ठेक्याच्या अमेरिकन पियानोसंगीताची, धमाल. हा दुसरा पियानो लंडनच्या बॅटरसीमधल्या भंगारच्या दुकानातून घेतलेला. एल्टन लहानपणच्या आवडत्या वादकांत तिचं नाव आवर्जून घेतो. त्याची पियानोवरची ती सगळी मस्ती मला तिच्याकडून आलेली वाटते. त्याच्या स्टेजवरच्या पोशाखातली पिसं आणि चष्मे नंतरचे.

काळी_पाच:
अ‍ॅटवेलबाई स्वतः रॉयल अकादमीत शिकलेल्या. म्हणजे फिरून माझ्याच मुद्द्यावर आलात की!

त्रिताल:
तुमच्या मुद्द्यावर कसली? त्या लोकप्रिय झाल्या त्या भंगारातल्या पियानोमुळे.

पुणेकर_पाहुणा:
इथे एल्टनचा गीतकार बर्नी टॉपिन याचं नावच नाही. आधी शब्द यायचे, मग एल्टन चाल बांधायचा. पाश्चात्त्य पॉपमध्ये बरेचदा उलटं चालतं. एल्टनच्या गाण्यांतल्या ओळी मध्येच लांबतात, वळतात, त्याचं श्रेय कुठल्याच पियानोवाल्याला देऊ नका. बाकी चालू द्या.

रेकॉर्डवेडा:
@काळी_पाच, एकच विचारतो. 'बॉर्डर साँग' एल्टनचं 1970चं. त्याच वर्षी अरिथा फ्रँकलिनने ते गायलं. चर्चमध्ये, वडिलांच्या प्रवचनांच्या आसपास, गॉस्पेल गात वाढलेली बाई. लंडनच्या उपनगरातल्या गोऱ्या पोराचं गाणं तिला गावंसं वाटलं, ते काय त्याचा बाख पक्का होता म्हणून?