लस घ्यायचं कोणाच्या शब्दावर ठरलं? पुणेकरांचे अनुभव

3 जानेवारी 2021 ला कोरोनावरच्या कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन या लसींना एकाच दिवशी आपत्कालीन परवानगी मिळाली आणि घराघरांत वाद पेटले. आमच्याकडे सासरे एका बाजूला, नणंद दुसऱ्या. लस बरी की वाईट हे भांडण इथे नको. तुम्ही कोणाचं ऐकलंत आणि का, ते लिहा.

मांजरीहून
आमच्याकडे प्रश्नच आला नाही. कोव्हिशील्ड बनवणाऱ्या सीरममध्ये निम्म्या गावाचं कोणी ना कोणी कामाला. 12 जानेवारीला पहाटे नारळ फोडून लसीचे ट्रक निघाले, तेव्हा आमच्या आत्याने टीव्हीला हात जोडले. पण 21 तारखेला तिथल्या बांधकाम चालू असलेल्या इमारतीत आग लागून पाच कामगार गेले आणि तासाभरात मोबाईलवर 'लसीचा साठा जळाला', 'घातपात झाला' सुरू. कोव्हिशील्ड त्या इमारतीत बनतच नव्हती. त्या पाच जणांबद्दल मात्र कोणी चार ओळी पाठवल्या नाहीत. याचा मला आजही राग आहे.

परिचारिका, सरकारी रुग्णालय
आमच्या केंद्राला कोव्हॅक्सिन आली. तिच्यासाठी वेगळं संमतीपत्र होतं आणि त्यात स्पष्ट छापलं होतं, की परिणामकारकता अजून सिद्ध व्हायची आहे, तिसऱ्या टप्प्याची चाचणी चालू आहे. मग आम्ही विचारणारच ना? वरिष्ठ म्हणाले, "देशाची लस आहे, शंका काढू नका." देशाची आहेच. तिच्यासाठीचा विषाणू आपल्या पाषाणच्या एनआयव्हीने, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेने, वेगळा केला, त्याचा मलाही अभिमान आहे. पण मी आकडे मागत होते. मार्चमध्ये कंपनीने 81 टक्के परिणामकारकतेचा अंतरिम निष्कर्ष जाहीर केला आणि आमच्यातल्या अडून बसलेल्या बऱ्याच जणींनी आपणहून बाही वर केली. आधी परवानगी आणि मग आकडे, हा क्रम चुकीचा होता. लस चांगली निघाली म्हणून तो बरोबर ठरत नाही.

कसबा पेठ
वडील म्हणायचे, सरकार लस संपली की नियम बदलतं. कोव्हिशील्डच्या दोन डोसमधलं अंतर मार्चमध्ये 6 ते 8 आठवडे झालं, मे महिन्यात 12 ते 16. अंतर वाढलं की कोव्हिशील्डचा परिणाम वाढतो, याला अभ्यासाचा आधार होता. पण केंद्राबाहेर 'लस शिल्लक नाही'ची पाटी आणि त्याच आठवड्यात ही घोषणा, कोण विश्वास ठेवणार? त्यात एका डोसला केंद्र सरकारला 150 रुपये, राज्यांना 300, खासगी रुग्णालयांना 600. एकाच बाटलीचे तीन भाव बघून ते जास्तच चिडले. दुसरा डोस त्यांनी घेतला, तो केवळ फॅमिली डॉक्टर घरी येऊन बसले म्हणून.

सिंहगड रोड
आमच्या डॉक्टरीणबाईंनी 2021 मध्येच सांगितलं होतं, "कोव्हिशील्डने फार क्वचित रक्ताच्या गुठळ्या होतात. दोन-तीन आठवड्यांत डोकं असह्य दुखलं, पाय सुजला, दम लागला, तर रात्र असली तरी फोन कर." म्हणून एप्रिल 2024 मध्ये कोव्हिशील्ड जिच्या सूत्रावर बनली त्या ॲस्ट्राझेनेका कंपनीने ब्रिटनमधल्या कोर्टात या गुठळ्यांची कबुली दिल्याची बातमी आली, तेव्हा आमच्या घरी कोणी घाबरलं नाही. सोसायटीत मात्र गहजब झाला. 'हे लपवलं' म्हणणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांना लस घेताना कोणी सांगितलंच नव्हतं.