मदत हवी आहे: स्नॅपड्रॅगनचं बी १८ दिवस झाले तरी रुजेना

तिन्हीसांज:
पाकिटातलं अर्धं बी पेरून आज १८ दिवस झाले, एक कोंब नाही. पाकिटावर ७ ते १४ दिवस लिहिलंय. ओलावा रोज बघते. बी जुनं निघालं असेल का? मला फुलदाणीसाठी लांब दांड्याची फुलं हवीत आणि थोडी केकवर लावायला. उरलेलं बी आजच पेरायचंय, कृपया लवकर सांगा.

ओंजळभर_माती:
जात कोणती? पेरलं कसं, ट्रे कुठे ठेवलाय?

तिन्हीसांज:
नेहमी पेरते तसंच पेरलं. झेंडू, झिनिया सगळं याच हातांनी रुजलंय.

ओंजळभर_माती:
नेहमीसारखं म्हणजे वरून माती घातलीत ना ताई? तिथेच घोळ झालाय. या बियांना रुजायला उजेड लागतो. एका ग्रॅममध्ये ६,००० च्या आसपास बिया बसतात, तळहातावर घेतलं तर तपकिरीची चिमूट वाटते. एवढ्याशा दाण्यात माती फोडून वर येण्याइतकी शिदोरी नसते. दातकोरणं ओलं करून एकेक बी उचला, ट्रेमधल्या भिजवलेल्या मातीच्या मिश्रणावर टेकवा, बोटाने अलगद दाबा. वर काहीही घालू नका. पाणी ट्रेच्या खालून द्या.

रानवाट:
खालून पाणी वगैरे कशाला? मी कायम बारीक फवाऱ्याने देतो, छान रुजतं.

ओंजळभर_माती:
फवाऱ्याने बी वाहून एका कोपऱ्यात जमतं. मग तिथे रोपं दाटीने येतात आणि मर (कोवळी रोपं कोलमडण्याचा रोग) लागते. माझा अख्खा ट्रे एका रात्रीत आडवा झाला होता, रोपांचे देठ मातीलगत दोऱ्यासारखे बारीक झालेले. तेव्हापासून फवारा बंद.

रानवाट:
तुमचा फवारा जोराचा असेल. पंप धुक्यासारखा हवा.

गवतफूल:
तांबेऱ्यावर, म्हणजे पानांवरच्या बुरशीच्या रोगावर, लक्ष ठेवा. पानाच्या मागे चॉकलेटी पुळ्या दिसल्या की ती पानं लगेच तोडा आणि पानांवर पाणी पडू देऊ नका.

तिन्हीसांज:
अहो, अजून पानंच कुठे आलीत! बरं, मी वर अर्धा इंच कोकोपीट पसरलं होतं. ट्रे फ्रीजवर आहे, ऊब मिळावी म्हणून.

ओंजळभर_माती:
म्हणजे अंधार आणि ऊब दोन्ही. रुजायला १८ ते २१ अंश पुरे. कोंब दिसले की आणखी थंड जागा आणि भरपूर उजेड. ही थंडीची झाडं आहेत.

रानवाट:
रोपाला पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा खुडा. एका झाडाला सहा-सात दांडे मिळतात.

सुगंधी_पाऊल:
फुलदाणीसाठी असेल तर मी खुडत नाही. उंच जात, १० सेंटिमीटर अंतर, एका झाडाला एक जाड दांडा, आणि फूलही लवकर येतं. खुडलेल्या झाडाला जास्त जागा द्यावी लागते. आणि कापलेले दांडे कधीच आडवे ठेवू नका. मी एकदा टेबलावर तसेच ठेवले होते, सकाळी सगळे शेंडे वर वळलेले. मग ते सरळ झालेच नाहीत.

रानवाट:
एका दांड्यासाठी अख्खं झाड? मला नाही पटत.

ओंजळभर_माती:
ताई, केक कधी आहे?

तिन्हीसांज:
लेकीचा वाढदिवस, ६ आठवड्यांनी.

सुगंधी_पाऊल:
बीपासून फुलापर्यंत साधारण तीन-चार महिने धरा. या वाढदिवसाला नाही जमणार.

तिन्हीसांज:
हे कुणी आधी सांगितलंच नाही. मग रोपवाटिकेतून फुललेली कुंडी आणली तर?

सुगंधी_पाऊल:
फुलदाणीत खुशाल लावा, केकवर नको. विकायच्या झाडांवर बहुतेक वेळा औषध मारलेलं असतं. खायचं फूल औषध न मारलेल्या, आपल्या हातच्या झाडाचंच हवं. हिरवा भाग आणि आतले पुंकेसर काढून फक्त पाकळ्या घ्यायच्या. चवीची फार आशा ठेवू नका, थोडी कडवटच लागते, शोभेला मात्र देखणी.

गवतफूल:
एक कळकळीची विनंती. फॉक्सग्लोव्हचा तुराही उंच, फुलंही लांबट, पण ते विषारी आहे. स्नॅपड्रॅगनचं फूल दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबलं की तोंड उघडतं, सोडलं की मिटतं. फॉक्सग्लोव्ह घंटेसारखं, कायम उघडं. तरी नुसत्या दिसण्यावर जाऊ नका. स्वतः पेरलेलं, नाव माहीत असलेलंच ताटात घ्या.

तिन्हीसांज:
समजलं. या केकला फुलं नाहीत. उरलेलं बी काल रात्री दातकोरण्याने पेरलं, ६० टेकवली, पाठ मोडली. ट्रे खिडकीत हलवलाय.

तिन्हीसांज:
नववा दिवस. सकाळी ट्रे तिरपा धरून बघितला तर हिरवे ठिपके! मोजले, ४१. पण सगळे खिडकीकडे वाकलेत, देठ लांबुडके वाटतात. काय करू?

ओंजळभर_माती:
उजेड कमी पडतोय. दिवा आहे का? ट्रेपासून किती उंचीवर?