अनुभव धागा: आधी खेळलो, मग शिकवू लागलो

परभणीचा क्रीडाशिक्षक
परवा सरावानंतर आठवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, तुम्ही स्वतः किती गोल मारले?" मी हसून वेळ मारून नेली; पण घरी परतताना अली दाई आठवला. इराणच्या या आघाडीपटूने आंतरराष्ट्रीय सामन्यांत १०९ गोल केले आणि २०२१मध्ये रोनाल्डोने मागे टाकेपर्यंत तो विक्रम त्याच्याच नावावर होता. मार्च २००८मध्ये त्याच्याकडे राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद आले. वर्षभराने सौदी अरेबियाने तेहरानमध्येच इराणला २-१ असे हरवले आणि त्याचे पद गेले. मी जेमतेम महाविद्यालयाच्या संघातला खेळाडू, पण चेंडू कुठे पडणार हे मला आधीच कसे कळायचे, ते आजही मुलांना समजावून सांगता येत नाही. आपले अनुभव अवश्य लिहावेत.

लातूरकर
पहिलाच सामना १-५ असा हरलो. मध्यंतरात मी इतका वेळ बोलत राहिलो, की शेवटी कर्णधार म्हणाला, "सर, आधी पाणी तरी पिऊ द्या." २०१६चा उन्हाळा होता, मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते, त्यामुळे त्या वाक्यावर कोणी हसले नाही.

गोदाकाठ, नांदेड
दाईचा विषय निघाला आणि लिऑनची रात्र कोणालाच आठवली नाही, याचे नवल वाटते. १९९८च्या विश्वचषकात इराणने अमेरिकेला २-१ हरवले, तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती आणि शेजाऱ्यांच्या ओसरीवर आम्ही आठ जण एका टीव्हीपुढे बसलो होतो. दाईने त्या सामन्यात गोल केला नाही. किंबहुना विश्वचषकात त्याला एकही गोल करता आला नाही, हे १०९चा आकडा सांगणारे सहसा सांगत नाहीत. तो धातुशास्त्राचा अभियंता आहे, हे कुठेतरी वाचल्यापासून मात्र वडील मला ऐकवत राहिले, "त्याला दोन्ही जमले, तुला निदान गणित तरी जमू दे."

काळी माती
थोडे विषयांतर होते आहे, क्षमस्व. ज्वारी काढल्यावर त्याच रानात आम्ही अनवाणी खेळायचो आणि धसकटे टोचू नयेत म्हणून पाय उचलूनच पळायचो. आता शिकवताना मुलांना पाय उचला म्हणून घसा कोरडा होतो, पण सपाट मैदानावर वाढलेल्यांना ते पटत नाही.

बीडची एक आई
मी खेळलेली नाही, तरी लिहिते. मुलीला शिकवणारे गृहस्थ एकेकाळी फार नावाजलेले होते, तिचा फटका चुकला की "एवढे सोपे कसे जमत नाही?" असे सर्वांदेखत विचारायचे. तीन महिन्यांत तिने जाणे सोडले. आता ती एका बाईंकडे जाते, ज्या स्वतः कायम राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून राहिल्या, आणि सामना कसा पाहावा हे त्यांनीच तिला शिकवले.

परभणीचा क्रीडाशिक्षक
ताई, तुमचे लिहिणे वाचून थोडा वेळ गप्प बसलो, कारण ते वाक्य मीही अनेकदा उच्चारले आहे. १९९६च्या आशिया चषकात दक्षिण कोरियावरच्या ६-२ विजयात दाईने एकट्याने चार गोल केले होते; असे चार गोल करणाऱ्याला चुकणारा मुलगा खरोखर दिसत असेल का, असा प्रश्न पडतो. त्या आठवीतल्या मुलाला आज उत्तर दिले: सतरा. त्यावर त्याने विचारले, "आणि चुकले किती?"

काळी माती
सर, धसकटांचे रान हवे असेल तर फेब्रुवारीअखेर आमच्याकडे या, हुरडा मात्र तोवर संपलेला असेल.