पिशव्या मोजून काय साधलं?

बालाघाटची लेक :
2019 मध्ये बीड जिल्ह्यात सरकारी समितीच्या सर्वेक्षणात 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली. केवढा गाजावाजा! त्याच सुमारास खासगी दवाखान्यांना पिशवीच्या ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. आता माझ्या चुलतीचं ऐका. गर्भाशयात गाठी, अंगावरून जाणं थांबेना, हिमोग्लोबिन सहावर. त्या कागदासाठी तीन खेपा झाल्या, आणि कारखाना सुरू व्हायला पंधरा दिवस, मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल डोक्यावर. मोजणी पुरे झाली आता. मोजायचेच तर उसाच्या फडावरचे संडास मोजा, फार वेळ लागायचा नाही.

निवृत्त सिस्टर :
चुलतीला खेपा घालायला लावल्या हे चूकच. पण मोजणीवर राग काढू नकोस. मी उपकेंद्रात होते. बाई ‘पांढरं जातंय’ म्हणायची, आम्ही गोळ्या द्यायचो. पुढच्या वेळी भेटली की पोटावर टाके. दवाखान्यात सांगितलेलं, ‘कॅन्सर होईल, काढून टाक.’ पस्तिशीही न गाठलेल्या पोरी! कुणाकुणाचं अंडाशयही काढलेलं. मग अंगाची आग, हाडं दुखणं. वरच्यांना सांगितलं की एकच उत्तर : ‘असेल एखादी केस.’ 13,861 म्हटल्यावर मात्र कुणाला तसं म्हणता येईना.

हिशेबी :
आकडा खरा, त्याचा वापर कच्चा. हे झाले जवळपास 17 टक्के. त्याशेजारी लोक राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातले देशाचे सुमारे 3 टक्के ठेवतात. त्यात 15 ते 49 वयाच्या सगळ्या आल्या, अगदी अकरावीतल्या मुलीसुद्धा. वय जुळवून बघा, अंतर कमी होईल. नाहीसं होईल असं नाही म्हणत. दुसरं, त्याच गावातल्या तोडणीला न जाणाऱ्या बायकांनाही विचारा. दवाखाने तेच आहेत ना? त्यांच्यातही प्रमाण तेवढंच निघालं तर रोग दवाखान्यात आहे आणि परवानगी योग्य. तोडणीवाल्यांतच जास्त निघालं तर मूळ फडावर शोधा.

बालाघाटची लेक :
फडावरच आहे, मी सांगते. पाळीत पोट धरून बसली की खाडा. कोयता नवराबायकोचा, एक बसली की दोघांची मजुरी बुडते, वर दंड. पिशवी काढली की कटकट मिटली, हा हिशेब बाई स्वतःच घालते. सर्वेक्षणाच्या कुठल्या रकान्यात बसतो तो?

निवृत्त सिस्टर :
रकाना वाढवता येतो की! बाळंतपणाचाही वाढवा. गरोदरपणाची नोंद गावातल्या आशाताईकडे, सातव्या महिन्यात डोक्यावर मोळी, बाळंतपण कर्नाटकातल्या फडावर. बाळाचं वजन ना इथल्या वहीत, ना तिथल्या. बाळ दगावलं तर तेही नाही.

बालाघाटची लेक :
बाळाच्या वजनाचं पटलं. परवानगीचं नाहीच पटत. चुलतीचं ऑपरेशन शेवटी पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, एप्रिलमध्ये झालं. तोवर मोळ्या वाहत होती.

हिशेबी :
परवानगीला किती दिवस लागतात, हे कुणी मोजलंय का?

बालाघाटची लेक :
आमचे एकोणीस लागले. लिहून घ्या.